शिंदीला पहिला छेद केव्हा द्यावा? – रसाचा हंगाम ओळखण्याविषयी

शिंदी महाराष्ट्राला अपरिचित नाही. ओढ्याकाठी, पाणथळ बांधावर, पडीक रानात ती आपोआप उगवते. तिच्या पानांची केरसुणी लक्ष्मीपूजनाला पूजली जाते आणि उरलेले वर्षभर झाडाकडे कोणी पाहत नाही. पश्चिम बंगालात मात्र हेच झाड ‘खेजूर’ या नावाने शेतकऱ्याच्या हिवाळी उत्पन्नाचा आधार आहे. नदिया, मुर्शिदाबाद, दक्षिण चोवीस परगणा या भागांत परसात, शेताच्या कडेला आणि तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या या झाडांच्या खोडातून थंडीत गोड रस काढला जातो व तो आटवून ‘नोलेन गूळ’ तयार होतो. ज्या ‘जयनगरच्या मोआ’ला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सुवास या गुळाचा आहे.

या व्यवसायात दरवर्षी एक निर्णय नव्याने घ्यावा लागतो. तो म्हणजे झाडाला पहिला छेद कोणत्या दिवशी द्यावा. पावसाळा संपताच बाजार नव्या गुळाची वाट पाहू लागतो आणि पहिल्या गुळाला भाव चांगला मिळतो. साहजिकच बहुतेकांचा कल लवकर सुरुवात करण्याकडे असतो. हा मोह जुना आहे. जेसोर जिल्ह्याचे (आता बांगलादेशात) तत्कालीन जिल्हाधिकारी जेम्स वेस्टलँड यांनी १८७१ मध्ये लिहिलेल्या जिल्हा-वृत्तान्तात खजुरीच्या रसाचे सविस्तर वर्णन आहे. हंगाम फार लवकर सुरू केला किंवा फार लांबविला, तर वाढीव दिवसांत जे मिळते ते प्रत आणि प्रमाण यांतील घटीने निघून जाते, असे त्यांनी नोंदविले. आणि ऑक्टोबरातील चढ्या भावापुढे फार थोडे उत्पादक टिकतात, हेही. दीडशे वर्षांनंतर या निरीक्षणात बदल करण्यासारखे फारसे काही नाही. बदलली आहेत ती साधने. तापमापक, सामू-पट्टी आणि हातातील शर्करामापक आज सामान्य उत्पादकाच्या आवाक्यात आले असल्यामुळे हा निर्णय बाजाराच्या हाकेवर न सोडता झाडाच्या स्थितीवरून घेता येतो.

छेदाची किंमत

शिंदीचा रस माडासारखा किंवा ताडासारखा फुलोऱ्यातून निघत नाही. तो शेंड्याखालील कोवळ्या खोडातून काढतात. त्यासाठी शेंड्याच्या एका बाजूची पाने उतरवून, त्यांचे देठ व जाळीदार आवरण तासून आतील पांढरट, मऊ भाग उघडा केला जातो. याच भागाच्या मागे, काही इंचांवर, झाडाचा एकमेव वाढता कोंब असतो. तो दुखावला की झाड मेले. बाजूने दुसरा फुटवा येऊन झाड सावरण्याची शक्यता शिंदीत नाही.

दुसरी बाब जखम भरून येण्याची. आंबा, बाभूळ अशा वृक्षांत खोड जाड करणारा जिवंत थर सालीखाली असतो आणि तो जखमेभोवती नवे लाकूड घालून ती हळूहळू बुजवतो. ताडवर्गातील झाडांना असा थर नसतो. त्यामुळे शिंदीला दिलेली खाच जन्मभर तशीच राहते. एका वर्षी एका बाजूस आणि पुढील वर्षी विरुद्ध बाजूस छेद देण्याच्या रिवाजामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. या खाचा मोजून त्यांत छेदापूर्वीची सहा-सात वर्षे मिळविली, तर झाडाचे वय काढता येते. प्रत्येक हंगामाची घाई आणि प्रत्येक हंगामाचा संयम अशा रीतीने खोडावर नोंदलेला असतो.

साहजिकच कोणत्या झाडाला छेद द्यायचा हे केव्हा द्यायचा याच्याआधी ठरवावे. साधारण पाच ते सात वर्षे वयाचे, जमिनीपासून किमान मीटर-सव्वा मीटर स्वच्छ खोड तयार झालेले आणि भरगच्च शेंडा असलेले झाड निवडावे. नर व मादी अशी झाडे वेगवेगळी असली तरी रस दोन्हींतून मिळतो. ज्याच्या खोडातून तपकिरी द्रव झिरपतो किंवा ज्याच्या खाचेत भुसा दिसतो, ते झाड त्या वर्षी वगळावे. सोंड्या भुंगा ताज्या जखमेच्या वासाकडे आकृष्ट होतो आणि आधीच कीड असलेल्या झाडाला नवा छेद म्हणजे तिला उघडे दार. शेंड्याची निम्म्याहून अधिक पाने कोणत्याही परिस्थितीत उतरवू नयेत. रसातील साखर ही पानांनीच तयार केलेली आहे.

थंडी कशी मोजावी

उघडा केलेला भाग काही दिवस हवेत वाळू द्यावा लागतो. हे काम पाऊस थांबल्यावर, सामान्यतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होते. तेथून पुढे खरी प्रतीक्षा सुरू होते.

रस रात्री थेंबथेंब गळतो आणि पहाटेपर्यंत मडक्यात साठतो. म्हणजे पहिला थेंब आणि चूल यांच्यामध्ये दहा-बारा तास जातात. या काळात रस उघड्यावर असतो, त्यात साखर भरपूर असते आणि मडक्याच्या भिंतीवर, पन्हळीवर व छेदाच्या पृष्ठभागावर यीस्ट व जिवाणू असतातच. यीस्टला सर्वांत मानवते ते २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान. रात्र उबदार असेल तर पहाटे मडक्यात रस नव्हे, ताडीची सुरुवात हाती येते.

कोलकात्याचे सरासरी किमान तापमान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबरात ते सुमारे २४ अंश असते, नोव्हेंबरात २० अंशांच्या आसपास येते, डिसेंबरात १५ व जानेवारीत १४ अंशांपर्यंत उतरते आणि मार्चमध्ये पुन्हा २० च्या वर जाते. याचा अर्थ सरळ आहे. ऑक्टोबरातील छेद वाया जातो, नोव्हेंबरचा पूर्वार्ध बेभरवशाचा, आणि खात्रीचा काळ डिसेंबर व जानेवारी. सरासरी ही मात्र केवळ दिशा दाखविते. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने आहेत. ढगाळ आकाशाखाली रात्र थंड होत नाही आणि पाऊस आला तर मडक्यात पाणी जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस थंडीचा पहिला झटका येऊन गेला आणि पुन्हा चार दिवस आभाळ आले, तर त्या चार दिवसांत नवे छेद देऊ नयेत. निरभ्र आकाश, मंद कोरडा उत्तरेचा वारा आणि पहाटे अंगावर काटा आणणारा गारवा अशा सलग चार-पाच रात्री मिळाल्या की हंगाम उघडला असे समजावे.

येथे परदेशातील एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. कॅनडातील क्युबेक व अमेरिकेतील व्हरमाँट या भागांत मेपल वृक्षाचा रस काढून त्याचा पाक करतात. तेथे रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असे चढउतार होऊ लागले की खोडात दाब निर्माण होऊन रस वाहतो. भोक फार आधी पाडले तर सूक्ष्मजीवांमुळे व झाडाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे ते काही आठवड्यांत कोरडे पडू लागते आणि मुख्य हंगाम हातचा जातो. फार उशीर केला तर कळ्या फुगतात व पाकाला वाईट चव येते. शिंदीच्या रसाची शरीरक्रिया वेगळी आहे आणि तिला गोठणाऱ्या रात्रीची गरज नाही. परंतु दोन्हीकडे शेतकऱ्यासमोरचा पेच एकच आहे: जखम एकदाच करता येते, तेव्हा ती कोणत्या हवेच्या स्वाधीन करावी?

चाचणी छेद

सर्व झाडे एकदम सुरू करण्याऐवजी दोन किंवा तीन झाडांना चाचणी छेद द्यावा. उघड्या भागावर सुमारे तीन इंच रुंदीचा, पाव ते अर्धा इंच खोल, व्ही आकाराचा छेद घेतात. त्याच्या खालच्या टोकाशी पेन्सिलीएवढ्या जाडीची बांबूची पन्हळ बसवून तिच्याखाली मडके टांगतात. पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी, तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सामू. ताज्या, निर्दोष रसाचा सामू ७ च्या आसपास असतो. पहाटेच्या मडक्यातील रस ६ कडे झुकू लागला असेल, तर रात्र अजून पुरेशी थंड नाही किंवा मडके स्वच्छ नाही. या दोन कारणांतील फरक ओळखण्यासाठी एका झाडाला नवे, नीट भाजलेले मडके लावावे. त्यातही सामू उतरला तर दोष हवेचा. ही तपासणी चुना लावलेल्या मडक्यात करू नये. चुना सामू वर ओढतो आणि पट्टी फसवी सांगते.

दुसरी, गोडी. शर्करामापकावर रस १० ते १४ अंशांच्या दरम्यान आढळतो. मात्र केवळ या उपकरणावर विसंबणे ही अनेक ठिकाणी दिसणारी चूक आहे. आंबण्याच्या पहिल्या टप्प्यात उसाच्या साखरेसारखी स्फटिक धरणारी साखर फुटून तिची द्राक्षशर्करा व फलशर्करा बनते. शर्करामापकाला या तिन्हींत भेद करता येत नाही. तो जवळजवळ तोच आकडा दाखवितो आणि गूळ मात्र बसत नाही. असा गूळ मऊ राहतो, हवेतील ओलावा ओढतो, काळपट होतो. मग तो घट्ट करण्यासाठी बाजारची साखर मिसळण्याचा मार्ग निवडला जातो आणि नोलेन गुळाची ओळखच पातळ होते. हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या भेसळयुक्त गुळाचे एक मूळ व्यापाऱ्याच्या लोभात असेलही. दुसरे मूळ वेळेआधी दिलेल्या छेदात आहे.

तिसरी तपासणी डोळ्यांची व नाकाची. रस पाण्यासारखा निवळ असावा, त्याला फेस नसावा, आंबूस वास नसावा. दुधाळ झाक आली की तो रस गुळाच्या कढईत ओतू नये. मोठ्या कढईतील चांगला रस एका खराब मडक्याने बिघडतो.

गोडीचा परिणाम सरपणावर किती होतो, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. गुळात ९० टक्के घनभाग धरला, तर १० टक्के साखर असलेल्या १०० किलो रसातून सुमारे ११ किलो गूळ मिळतो आणि ८९ किलो पाणी उडवावे लागते. म्हणजे किलोमागे ८ किलो पाणी. १४ टक्क्यांच्या रसातून साडेपंधरा किलो गूळ निघतो आणि किलोमागे केवळ साडेपाच किलोच्या आत पाणी आटवावे लागते. जळणाचा खर्च एक-तृतीयांशाने उतरतो. चांगल्या थंडीसाठी आठ दिवस थांबल्याचा मोबदला असा चुलीपाशीही मिळतो.

सहा दिवसांचे चक्र

हंगाम सुरू झाला म्हणजे निर्णय संपला असे नाही. प्रत्येक झाडाबाबत तो दर आठवड्याला पुन्हा घ्यावा लागतो. बंगालच्या परंपरेत यासाठी सहा दिवसांचे चक्र आहे आणि वेस्टलँड यांच्या वृत्तान्तातही तेच आढळते. पहिल्या सायंकाळी नवा पातळ काप घेतात. त्या रात्रीचा रस ‘जिरेन’. विश्रांतीनंतरचा म्हणून तो सर्वांत निवळ, गोड आणि सुगंधी. दुसऱ्या सायंकाळच्या कापाचा रस ‘दो-काट’, प्रमाणाने व प्रतीने उणा. तिसऱ्या रात्री नवा काप न घेता पृष्ठभाग केवळ स्वच्छ करतात. हा रस आणखी हलका. त्यानंतर झाडाला तीन दिवस पूर्ण विश्रांती. दिवसा उन्हात गळणारा रस झपाट्याने आंबतो, म्हणून तो गुळासाठी धरू नये.

मोठ्या संख्येने झाडे असतील तर गट पाडावेत. ६० झाडांचे दहा-दहांचे सहा गट केले, तर कोणत्याही सायंकाळी १० झाडे पहिल्या, १० दुसऱ्या व १० तिसऱ्या रात्रीची असतात आणि ३० विश्रांतीत असतात. कामाचा व चुलीचा भार समान राहतो. प्रत्येक गटाच्या झाडावर वेगळ्या रंगाची चिंधी बांधण्याचा साधा उपाय नोंदवहीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो, कारण अंधार पडताना वही कोणी उघडत नाही. जिरेन रस वेगळा आटवून त्याचा गूळ वेगळा विकावा. तिन्ही रात्रींचा रस एकत्र करणारा उत्पादक आपला उत्तम माल सामान्य भावाने देतो.

मडक्यांनाही विश्रांती हवी. रोज धुऊन, पेंढ्याच्या आगीवर आतून धुरी देऊन, उन्हात कोरडी केलेली मडकी आलटून पालटून वापरावीत. कापाची जाडी हा दुसरा कळीचा विषय. दर चक्रात नवा काप आधीच्या कापावरच येतो, त्यामुळे हंगामाअखेर खाच चार इंचांपर्यंत खोल जाते. प्रत्येक काप कागदासारखा पातळ असेल तरच झाड पुढील वर्षाला उभे राहते.

या ठिकाणी कराराचा प्रश्न येतो आणि तो तांत्रिक प्रश्नांहून अवघड आहे. रस काढणारे कारागीर, ज्यांना ‘शिउली’ म्हणतात, ते अनेकदा झाडांचे मालक नसतात. ते हंगामापुरती झाडे खंडाने घेतात आणि मोबदला रोख किंवा गुळाच्या रूपात देतात. खंड ठरलेला असल्यामुळे एक अधिक रात्र, एक खोल काप, विश्रांतीचा एक दिवस कमी, यांतून मिळणारा लाभ शिउलीचा आणि पुढील वर्षीचे नुकसान मालकाचे. दोष कारागिराच्या स्वभावात नाही, बोलीत आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी मालक व शिउली यांची बैठक घेऊन खंड किमान तीन वर्षांचा करावा, आणि पहिल्या छेदाचा व शेवटच्या छेदाचा निर्णय चाचणी रसावरून दोघांनी मिळून घ्यावा असे सुचवावे. तीच झाडे पुढील वर्षी आपल्याकडेच येणार हे ठाऊक असलेला शिउली काप आपोआप पातळ घेतो.

आटवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. १९७३ चा ‘सौदागर’ हा हिंदी चित्रपट अनेकांना आठवत असेल. त्यात नूतन यांनी साकारलेली स्त्री गूळ रांधण्यात निपुण आहे आणि तिच्या हाताशिवाय नायकाचा गूळ बाजारात उठत नाही. प्रशिक्षणास केवळ झाडावर चढणाऱ्यांना बोलाविण्याची पद्धत त्यामुळे अपुरी ठरते. रस आंबला आहे हे सर्वांत आधी कढईजवळ बसणारीला कळते.

वटवाघूळ आणि कच्चा रस

थंडीच्या पहाटे कच्चा रस पिण्याची आवड बंगालात सार्वत्रिक आहे. याच रसावर रात्री फळे खाणारी मोठी वटवाघळे येतात, छेद चाटतात, मडक्यात त्यांची लाळ व मूत्र पडते. बांगलादेशात निपाह विषाणूच्या अनेक उद्रेकांचा संबंध अशा कच्च्या रसाशी जोडला गेला आहे आणि तेथील रुग्ण प्रामुख्याने रसाच्या हंगामातच आढळतात. पश्चिम बंगालात २००१ मध्ये सिलीगुडी व २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात हा आजार आढळला होता. उकळल्याने विषाणू नष्ट होतो, म्हणून गुळाला हा धोका नाही. छेद, पन्हळ आणि मडक्याचे तोंड हे तिन्ही झाकणारी बांबूच्या कामट्यांची झालर बांधली की वटवाघळांचा स्पर्श मोठ्या प्रमाणात टळतो, हे रात्री टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने बांगलादेशात पाहिले गेले आहे. झालर न बांधलेल्या झाडाचा रस कच्चा विकू नये व घरातील मुलांनाही देऊ नये. झालर बांधता येत नसेल, तर त्या झाडाचा सर्व रस कढईतच जावा.

महाराष्ट्रातील शिंदी

महाराष्ट्रात शिंदीचा रस मुख्यतः नीरा म्हणून विकला जातो. १९३४ मध्ये स्थापन होऊन वर्ध्यातून चाललेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाच्या कामाला चालना दिली, परंतु शिंदीच्या गुळाची बंगालसारखी बाजारपेठ येथे उभी राहिली नाही. नीरा काढण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घ्यावा लागतो, हे नव्याने या कामाकडे वळणाऱ्या शेतकरी गटांना प्रथमच सांगावे.

हंगामाचे गणित मात्र प्रदेशागणिक बदलते. किनाऱ्यालगत हिवाळी रात्री समुद्रामुळे फारशा थंड होत नाहीत, तर पुणे, नाशिककडील पठारावर डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान बंगालपेक्षाही खाली जाते. त्यामुळे गुळासाठी पठारावरील शिंदी अधिक अनुकूल ठरते. किनारी भागात चुन्याचे मडके आणि रस तातडीने थंड करण्याची सोय यांवर भर द्यावा लागतो. बंगालातील तारखा येथे लावू नयेत, चाचणी छेद लावावा. निपाहविषयीची दक्षताही येथे अनावश्यक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वर येथील गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहचे पुरावे आढळले आहेत.

हंगाम कधी थांबवावा

फेब्रुवारी उजाडला की दिवस तापू लागतात, रसाचे प्रमाण घटते आणि शिंदीचा फुलोरा बाहेर पडतो. सुरुवातीला जी चाचणी केली तीच शेवटीही करावी. स्वच्छ मडक्यातील जिरेन रसाचा सामू पहाटे सलग तीन वेळा उतरलेला आढळला, किंवा रसाची गोडी कायम असूनही त्याचा गूळ बसेनासा झाला, तर त्या झाडाचा हंगाम संपला. उत्पादकांना हे मान्य होणे कठीण जाते, कारण रस अजून गळत असतो. पण त्या अखेरच्या पंधरा-वीस दिवसांत निघणारा माल हलका, सरपण अधिक, आणि खाच सर्वांत खोल असते. झाडावरून मडके उतरविताना पन्हळ काढून घ्यावी, खाचेत साचणारे पाणी निघून जाईल असा उतार ठेवावा, आणि पुढील वर्षीचा छेद विरुद्ध बाजूस येईल याची खूण त्याच वेळी खोडावर चुन्याने करून ठेवावी.